नावामागचे प्यादे

पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारतो. काळा आपले वजिरापुढचे प्यादे तसेच दोन घरे पुढे आणून त्याला भिडवतो. मग पांढरा शेजारचे, म्हणजे वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकतो आणि काळ्याच्या प्याद्यावर तिरका मारा धरतो. डी४, डी५, सी४ एवढ्या तीन खेळ्यांना जगभर ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणतात. पुढे काळ्याने ते प्यादे मारले की नावाला ‘ॲक्सेप्टेड’ जोडले जाते, न मारता आपल्या प्याद्याला जोर दिला की ‘डिक्लाइन्ड’. मग ‘ऑर्थोडॉक्स’, ‘एक्स्चेंज’, ‘टार्टाकोव्हर’, ‘केंब्रिज स्प्रिंग्ज’ असे एकेका खेळीगणिक नाव वाढत जाते. डेव्हिड हूपर आणि केनेथ व्हाइल्ड यांच्या ‘ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू चेस’ या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सुरुवाती आणि उपप्रकार मिळून अशी १,३२७ नावे नोंदली आहेत.

नवख्या खेळाडूला ही नावे दोन प्रकारे छळतात. कुणी ती पाढ्यांसारखी पाठ करतो आणि समोरच्याने सहाव्या खेळीला वाट बदलली की उघडा पडतो. कुणी त्यांना घाबरून सुरुवातींचा अभ्यासच टाळतो. प्रत्यक्षात सुरुवातीचे नाव गावच्या नावासारखे असते. ते ठरले कसे याचा इतिहास वेगळा असतो, आणि गावात पाणी कुठे आहे, चढ कुठे आहे हे कळायला गावातच फिरावे लागते. बुद्धिबळात ते फिरणे म्हणजे प्याद्यांची रचना ओळखणे. प्रस्तुत पुस्तक वजिराच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या डावांची, त्यांतही गॅम्बिटांची, नावे समोर ठेवून प्रत्येक नावामागची प्याद्यांची रचना दाखवते.

नावे पडण्याच्या रीती फार नाहीत. काही नावे माणसांची आहेत. प्याद्याचे बलिदान करून आक्रमण उभारणारा ‘इव्हान्स गॅम्बिट’ विल्यम डेव्हिस इव्हान्स या जहाजाच्या कप्तानाचा, तर ‘कारो-कान’ हे होरेशिओ कारो आणि मार्कुस कान या दोघांचे जोडनाव. काही नावे स्पर्धांच्या गावांची आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९०४ साली ज्या छोट्या गावी स्पर्धा झाली ते केंब्रिज स्प्रिंग्ज, आणि १९२४ साली ग्रुनफेल्डविरुद्ध रुबिनस्टाइनने जिथे नवी मांडणी खेळली ते मेरान. पत्राने खेळलेल्या डावांनीही नावे दिली. लंडन आणि एडिंबरो या शहरांमधल्या १८२४ च्या सामन्यातून ‘स्कॉच’ आले, तर लंडन-पॅरिस सामन्यातून १८३४ साली ‘फ्रेंच बचाव’ रूढ झाला. एक नाव तर मागणीवरून घडले. बार्सिलोनाच्या १९२९ च्या स्पर्धेत यजमानांनी आपल्या प्रांताच्या सन्मानार्थ एखादी सुरुवात शोधावी असे सावेली टार्टाकोव्हरला सुचवले, आणि त्याने वजिराचे प्यादे पुढे टाकून राजाच्या बाजूचा उंट कोपऱ्याकडून लांब तिरक्या रेषेवर आणण्याची जी पद्धत खेळली, ती ‘कॅटलान’ झाली. आज जगज्जेतेपदाच्या लढतींतही ती दिसते.

या सगळ्या नावांत ‘क्वीन’ हा शब्द मराठी वाचकाला थांबायला लावतो. मराठी पटावर राणी नाही. तिथे राजाशेजारी वजीर उभा असतो. भारतातून इराणात आणि तिथून अरबांकडे गेलेल्या खेळातही तो मंत्रीच होता आणि तिरके एकच घर चालणारे दुबळे मोहरे होता. युरोपात त्याची राणी झाली. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेन आणि इटलीत राणीला आजची लांबच लांब धाव मिळाली, उंटाची चाल वाढली, आणि डावाचा वेग एका पिढीत बदलला. पूर्वी दहा-बारा खेळ्यांपर्यंत निवांत मांडणी करता येई. आता चौथ्या खेळीला मात होऊ लागली. सुरुवातींचा अभ्यास आणि म्हणून सुरुवातींची नावे ही या बदलाची लेकरे आहेत. क्वीन्स गॅम्बिटची पहिली लेखी नोंदही त्याच काळातली, ‘ग्योटिंगेन हस्तलिखित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन पोथीत सापडते. मराठीने वजीर हा शब्द राखला आणि चाल मात्र नवी घेतली. त्यामुळे मराठीत ‘वजिराचा गॅम्बिट’ म्हणताना जुने नाव आणि नवे बळ एकत्र येते. या पुस्तकात मोहऱ्यांची नावे मराठीच ठेवली आहेत, ती योग्यच आहेत.

देशी खेळाची आठवण इथे केवळ अभिमानापुरती नाही, कारण तिच्यावाचून काही नावे उलगडतच नाहीत. मराठी मुलखाच्या सीमेवरच्या कल्याणीतून, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणातून, राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त या खेळाची चर्चा केली. पुढे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे निबंध संस्कृतातून इंग्रजीत आणून छापले गेले, आणि ते ‘युरोपीय पद्धतीला जुळवून’ घेतलेले आहेत असे त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठानेच सांगितले. दोन रीतींमधला फरक त्या काळच्या मुंबईत जाणवत होता, याचा हा छापील पुरावा.

तो फरक असा. देशी खेळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. राजे समोरासमोर नसत, प्रत्येक राजासमोर शत्रूचा वजीर असे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोचेल त्याच मोहऱ्याचा मान त्याला मिळे. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांमुळे पटाच्या मध्यावर झडप घालणे शक्य नव्हते, म्हणून खेळाडू मागे राहून मोहरी जोरात ठेवत आणि शत्रूला पुढे येऊ देत. ही सवय पुढे जगभरच्या सुरुवातींना एक मोठे नाव देऊन गेली.

कलकत्त्यात वकिली करणारा जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश माणूस त्याच्या काळातल्या उत्तम खेळाडूंपैकी होता. १८४८ पासून पुढे दहा-बारा वर्षे तो महेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली खेळाडूशी डाव खेळत राहिला, आणि शेकडो डाव त्याने टिपून ठेवले. वजिराच्या प्याद्याला वजिराच्या प्याद्यानेच उत्तर द्यायचे हा युरोपचा तेव्हाचा शिरस्ता महेशचंद्राने मानला नाही. तो राजाच्या बाजूचा घोडा काढी, घोड्यापुढचे प्यादे एक घर सारी, त्या खिडकीत उंट बसवी आणि मध्य पांढऱ्याला देऊन दुरून त्यावर मारा धरी. १८५५ च्या एका डावात त्याने तिसऱ्या खेळीला डी५ खेळून जी स्थिती आणली, तिला ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये खेळल्यावर ‘ग्रुनफेल्ड बचाव’ हे नाव मिळाले. तोवर सदुसष्ट वर्षे लोटली होती. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्द १८८४ च्या सुमारास छापील दिसतो, आणि त्याचे मूळ महेशचंद्राच्या याच खेळात सांगितले जाते. १९२० नंतर टार्टाकोव्हर आणि त्याच्या समकालीनांनी ती संज्ञा रुळवली. ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’, ‘निम्झो-इंडियन’, ‘ओल्ड इंडियन’ ही सगळी तिचीच लेकरे. नावात देश आला, माणूस मात्र आला नाही. बुद्धिबळाच्या नावांमधला सर्वांत मोठा अन्याय कोणता असे विचारले तर हाच सांगावा लागेल. ग्रुनफेल्डचे नाव घेताना महेशचंद्राचे नाव घेणे मराठी लेखकाने तरी चुकवू नये.

या घराण्यातला दुसरा थोर पुरुष म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. तो देशी खेळावर वाढला, १९२८ साली अखिल भारतीय विजेता झाला आणि सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे घेऊन आला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले, तो डाव ‘क्वीन्स इंडियन’चा होता. युरोपातली पुस्तके वाचून तो घडला नव्हता. नावांवाचून खेळाची जाण किती खोल जाऊ शकते याचे याहून मोठे उदाहरण नाही. तरीही त्याला सुरुवातींमध्येच सर्वाधिक त्रास झाला, हेही तितकेच खरे आहे.

‘गॅम्बिट’ हा शब्द कुस्तीतला आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. इटालियन भाषेत ‘गांबा’ म्हणजे पाय आणि ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय अडकवून पाडणे, आपल्या आखाड्यातली टांग. स्पेनच्या रुय लोपेझने १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला. मराठीत गॅम्बिटला कुणी ‘बळी’ म्हणतात, कुणी ‘आमिष’. दोन्ही शब्द अपुरे आहेत. बळी दिलेले परत येत नाही आणि आमिषात फसवणूक असते. गॅम्बिटमध्ये खेळाडू उघडपणे एक प्यादे देऊ करतो आणि त्याबदल्यात वेळ, जागा किंवा मोकळ्या पट्ट्या मागतो. म्हणून मूळ शब्द राखणेच बरे.

आणि गंमत अशी की ज्या डावाला सगळे जग ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणते तो खरा गॅम्बिटच नाही. काळ्याने सी४ वरचे प्यादे मारले तर ते त्याला फार काळ राखता येत नाही. समजा पांढऱ्याने ई३ खेळून उंटाची वाट मोकळी केली आणि काळ्याने बी५ खेळून प्याद्याला जोर दिला. मग पांढरा ए४ ने त्या जोरावर घाव घालतो. काळ्याने सी६ ने तोही सांभाळला तर पांढरा बी५ वर मारामारी करतो आणि वजीर एफ३ ला आणतो. कोपऱ्यातला हत्ती उघडा पडतो आणि काळ्याचे एक मोहरे जाते. हे पांढऱ्याने दिलेले उसने आहे, आणि काळ्याने ते वेळेवर परत केले तर त्याचा डाव उत्तम चालतो. ‘ॲक्सेप्टेड’ खेळणारे आजचे श्रेष्ठ खेळाडू तेच करतात. पांढरा प्यादे सोडवून घेण्यात गुंतला असताना ते मोहरी बाहेर काढून सी५ ने मध्यावर घाव घालतात.

या डावाला दीडशे वर्षे फारसा मान नव्हता. सीरियातल्या अलेप्पोहून युरोपात आलेल्या फिलिप स्टामाने १७३७ आणि १७४५ च्या आपल्या पुस्तकांत त्याची बाजू उचलून धरली, त्यामुळे तो काही काळ ‘अलेप्पो गॅम्बिट’ म्हणूनही ओळखला गेला. प्रत्येक घराला अक्षर आणि अंक देण्याची आजची लेखनपद्धतही स्टामाच्याच पुस्तकांतून पुढे आली. १८३४ साली ला बूर्दोने आणि मॅक्डॉनल यांच्या लंडनमधल्या डावांत हा गॅम्बिट गाजला. पण एकोणिसावे शतक राजाच्या प्याद्याचे आणि धडाडीच्या हल्ल्यांचे होते. स्टाइनिट्झने डावाकडे पाहण्याची नजर बदलली. पटावरचे सूक्ष्म फायदे साठवत जाणे हाही विजयाचा मार्ग आहे हे त्याने शिकवले, आणि मग वजिराचे प्यादे शहाण्यांचे प्यादे झाले. हेस्टिंग्जला १८९५ साली तरुण पिल्सबरीने टॅराशला हरवलेला डाव या बदलाचा टप्पा मानला जातो. ब्युनोस आयर्सला १९२७ साली कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदासाठी चौतीस डाव झाले, त्यांतले बत्तीस ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ होते. एका सुरुवातीने एका लढतीवर इतके राज्य पुन्हा केले नाही.

नाकारण्याचे मुख्य मार्ग तीन, आणि तीन वेगळ्या वृत्तींचे. ई६ ने प्याद्याला जोर देणारा ‘ऑर्थोडॉक्स’ मार्ग भक्कम आहे, पण त्यात वजिराकडचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. या उंटाचे करायचे काय, हाच त्या मार्गावरच्या सगळ्या नावांचा प्रश्न आहे. टार्टाकोव्हर त्याला कोपऱ्याच्या बाजूने बाहेर काढतो. लास्कर मोहऱ्यांची बदलाबदली करून घर मोकळे करतो. २०१० साली सोफियात टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या निर्णायक बाराव्या डावात विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी लास्करचीच पद्धत निवडली आणि तो डाव जिंकून मुकुट राखला. सी६ ने जोर देणारा ‘स्लाव’ मार्ग उंटाला कोंडत नाही. स्लाव देशांतल्या खेळाडूंनी तो घडवला म्हणून हे नाव. ई६ आणि सी६ दोन्ही खेळले की ‘सेमी-स्लाव’, आणि त्याचा ‘मेरान’ प्रकार आनंदने २००८ साली बॉनमध्ये क्रामनिकविरुद्ध काळ्यांकडून दोनदा वापरून दोन्ही डाव जिंकले. तिसरा मार्ग टॅराशचा. तो तिसऱ्या खेळीला सी५ खेळून मध्यावर लगेच झगडा मागतो आणि बदल्यात आपले डी५ चे प्यादे एकटे पडू देतो.

हे एकटे प्यादे, ज्याला इंग्रजीत ‘आयसोलेटेड’ म्हणतात, वजिराच्या प्याद्याच्या डावांचा गाभा आहे. त्याला शेजारच्या पट्ट्यांतून प्याद्याचा जोर नसतो, म्हणून डाव संपत आला की ते कमजोर. पण मोहरी पटावर असेपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोकळ्या असतात आणि समोरची घरे घोड्यांना मिळतात, म्हणून मधल्या डावात ते बळकट. एकच प्यादे एका वेळी दुबळे आणि समर्थ दोन्ही असते, आणि ते कोणत्या बाजूला झुकेल हे उरलेली मोहरी ठरवतात. टॅराशने आयुष्यभर त्याच्या बळाची बाजू मांडली. स्पास्कीने १९६९ साली पेट्रोस्यानकडून जगज्जेतेपद घेताना याच बचावावर भरवसा ठेवला.

‘एक्स्चेंज’ प्रकारात उलटे होते. पांढरा सी प्यादे देऊन काळ्याचे ई प्यादे डी५ वर आणतो. वजिराच्या बाजूला आता पांढऱ्याकडे दोन आणि काळ्याकडे तीन प्यादी राहतात. बी प्यादे बी४, बी५ असे पुढे रेटून पांढरा काळ्याच्या तीन प्याद्यांत फट पाडतो आणि एक कायमचे दुबळे प्यादे त्याच्या पदरी टाकतो. थोड्यांनी जास्तांवर चढाई करण्याच्या या युक्तीला ‘मायनॉरिटी अटॅक’ म्हणतात. तिला पंधरा-वीस खेळ्या लागतात, पण ती रोखणे सोपे नसते. प्याद्यांची रचना डावाचा बेत कसा ठरवते हे शिकायला याहून स्वच्छ उदाहरण नाही, म्हणून या पुस्तकात तिच्यावर भरपूर वेळ घालवला आहे.

सापळ्यांचे आकर्षण नव्या खेळाडूला असतेच, आणि तो दोष मानायचे कारण नाही. काही सापळे शिकवतात. ‘एलिफंट ट्रॅप’मध्ये पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्याला वजिरासमोर बांधतो. बांधलेला घोडा हलणार नाही अशा समजुतीने पांढरा डी५ चे प्यादे घोड्याने मारतो, तर काळा तोच घोडा हलवून पांढऱ्याचा घोडा घेतो. पांढरा वजीर मारतो, पण काळ्याचा राजाकडचा उंट शह देतो. त्या शहामुळे पांढऱ्याला आपला वजीर परत द्यावा लागतो आणि शेवटी काळ्याकडे एक मोहरे जास्त उरते. इंग्रजी नावातल्या हत्तीचा मराठी पटावरच्या हत्तीशी काही संबंध नाही, आणि रशियनांचा हत्ती तर आपला उंट असतो. एवढ्या एका शब्दावरूनही मोहऱ्यांच्या प्रवासाची कल्पना येते.

दुसरा सापळा अल्बिनच्या प्रतिगॅम्बिटातला. काळा दुसऱ्याच खेळीला ई५ खेळून उलट आपलेच प्यादे देऊ करतो आणि पुढे त्याचे डी प्यादे पांढऱ्याच्या घरात घुसते. सातव्या खेळीला ते जी१ वरचा घोडा मारून शेवटच्या घरात पोचते, पण वजीर मागत नाही, घोडा मागते, कारण घोड्याच्याच रूपात ते राजाला शह देऊ शकते. ‘लास्कर ट्रॅप’ म्हणून हा सापळा जगप्रसिद्ध झाला. जी पट्टी घोड्याची आहे. ज्याच्या पट्टीत पोचेल त्याचे रूप घेणारे देशी प्यादे तिथे आपोआप घोडाच झाले असते. जी खेळी युरोपला चमत्कार वाटली ती देशी पटावर रीतच होती.

याउलट काही गॅम्बिट सापळ्यांवरच जगतात. ‘एंग्लंड गॅम्बिट’मध्ये काळा पहिल्याच खेळीला ई५ खेळतो, आणि पांढरा बेसावध राहिला तर आठव्या खेळीला सी१ वर मात होते. फोनवरच्या मिनिटामिनिटाच्या डावांत तो लोकप्रिय आहे. पांढऱ्याने दोन-तीन साध्या खेळ्या बरोबर केल्या की काळ्याकडे प्यादे कमी असण्याखेरीज काही उरत नाही. ‘ब्लॅकमार-डिमर’ त्याहून प्रामाणिक आहे. एक प्यादे, त्याच्या मोबदल्यात वेळ आणि एफ पट्टी. ‘बुडापेस्ट’ १९१८ साली बर्लिनमध्ये विडमारने रुबिनस्टाइनला हरवल्यावर मोठ्या स्पर्धांत आला. पण वजिराच्या प्याद्याच्या डावांतला सर्वांत खोल गॅम्बिट ‘बेंको’. रशियात त्याला ‘व्होल्गा’ म्हणत, पाल बेंकोच्या १९७४ च्या पुस्तकाने त्याचे नाव जगभर बदलले. काळा वजिराच्या बाजूचे एक प्यादे कायमचे देतो आणि ए व बी या दोन पट्ट्या आपल्या हत्तींना मोकळ्या करून घेतो. वजिरांची अदलाबदल झाल्यावर गॅम्बिट थंडावतात हा सर्वसाधारण नियम, पण बेंकोत वजीर गेल्यावर काळ्याचा दबाव उलट वाढतो. दिलेल्या प्याद्याची किंमत कशाने भरून निघते याचा विचार इथे सुरू होतो, आणि या पुस्तकाचा भर तिथेच आहे.

नावे निसटतात ती खेळ्यांचा क्रम बदलल्यावर. ठाण्याच्या माजिवड्याहून बायपासने येणारी गाडी आणि भिवंडी शहरातून निघालेली गाडी दोन्ही वडपे इथे नाशिकच्या रस्त्याला लागतात. तिथून पुढे आधी कोणता रस्ता घेतला याला अर्थ राहत नाही. बुद्धिबळात असेच वेगवेगळ्या खेळ्यांनी एकाच स्थितीला पोचता येते. रेक्याविकला १९७२ साली सहाव्या डावात फिशरने आयुष्यभराची सवय मोडून सी४ ने सुरुवात केली आणि काही खेळ्यांत तो ‘क्वीन्स गॅम्बिट’च्या टार्टाकोव्हर प्रकारात येऊन पोचला. तो डाव इतका देखणा झाला की हरलेला स्पास्कीही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवत होता. या गोंधळातून वाट काढण्यासाठी १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियातून आलेल्या सुरुवातींच्या कोशाने नावांऐवजी ए ते ई अशी पाच अक्षरे आणि शून्य ते नव्याण्णव अंक दिले. त्यात ‘क्वीन्स गॅम्बिट’ डी०६ ते डी६९ मध्ये, आणि ‘इंडियन’ बचाव बरेचसे ई खंडात. आकडे अचूक असतात, पण लक्षात नावेच राहतात.

हे सगळे आज मराठीत यायला हवे, याचे कारण पटाबाहेर आहे. वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या कादंबरीवरची ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका २०२० मध्ये आली आणि ज्यांनी कधी पट मांडला नव्हता त्यांच्याही तोंडी हा शब्द गेला. फोनवरची अनेक ॲप खेळी होताच सुरुवातीचे इंग्रजी नाव पडद्यावर दाखवतात. वडप्याच्या गोदामात मालाची वाट पाहत फोनवर डाव खेळणाऱ्या तरुणाला ते नाव दिसते, अर्थ मात्र दिसत नाही. प्रशिक्षक शहरात, पुस्तके इंग्रजीत. ही दरी भरायची तर मराठीतच लिहावे लागेल.

महाराष्ट्राला त्याची परंपरा आहे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुढाकाराने, पिढ्या घडवल्या. १९५५ साली एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद रामचंद्र सप्रे यांच्याकडे आले. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर जिंकल्या, आणि त्यांच्या बहिणी जयश्री व रोहिणी यांच्यासह हे विजेतेपद दशकभर एका घरात राहिले. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये देशाचे तिसरे ग्रँडमास्टर झाले, मग पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी, आणि २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली नागपूरची दिव्या देशमुख. द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले पहिले बुद्धिबळ प्रशिक्षक रघुनंदन गोखले मराठी वर्तमानपत्रांतून सातत्याने लिहितात. खेळाडू आहेत, वाचक आहेत. वजिराच्या प्याद्यावर सलग वाचता येईल असे मराठी पुस्तक असायला हवे, आणि ती गरज ओळखून हा प्रयत्न केला आहे.

पुस्तकाने काही निवडी केल्या आहेत. माणसांची आणि गावांची नावे भाषांतरित केली नाहीत, चाल वर्णन करणारे शब्द मात्र मराठी ठेवले आहेत. प्रत्येक सुरुवातीत आधी प्यादी दाखवली आहेत, मग मोहरी, आणि नाव शेवटी. हरलेले डावही घेतले आहेत, कारण गॅम्बिट कुठे फसतो हे कळल्याशिवाय तो कुठे चालतो हे कळत नाही. सर्व प्रकार इथे नाहीत. जे आहेत ते समजून खेळता यावेत इतके सविस्तर आहेत.

वाचकाने हे पुस्तक फोनवर डाव चालू असताना उघडू नये. लाकडी असो की प्लॅस्टिकचा, पट समोर मांडावा. पहिल्या तीन खेळ्या हाताने कराव्यात, काळ्याच्या बाजूला जाऊन बसावे, आणि सी४ वरचे प्यादे मारायचे की सोडायचे हे स्वतः ठरवूनच पान उलटावे.